यंत्राला नाडी कोण शिकवणार?

गेल्या पावसाळ्यात माजिवड्याच्या आमच्या चिकित्सालयात एक गृहस्थ आले. घोडबंदर रस्त्यावरील एका मोठ्या संकुलात राहणारे, वय पंचेचाळिशीच्या आसपास, तक्रार अम्लपित्ताची. आसनस्थ होताच त्यांनी मोबाइल पुढे केला आणि म्हणाले, "डॉक्टर, माझी प्रकृती काढून झाली आहे. तीनदा." एका ॲपने त्यांना पित्त-वात ठरविले होते, दुसऱ्याने वात-पित्त, आणि संभाषण करणाऱ्या एका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने पित्त-कफ. मी नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, चार प्रश्न विचारले आणि माझ्यापुरते एक उत्तर मनाशी धरले. ते ऐकून गृहस्थांनी अत्यंत सौम्यपणे विचारले, "म्हणजे आता चार झाली. यांतले खरे कोणते?"

त्यांचे समाधान होईल असे काहीतरी मी सांगितले आणि औषध दिले. ते गेल्यावर मात्र तो प्रश्न माझ्यापाशीच राहिला. यंत्रे एकमेकांशी सहमत नाहीत याचे त्यांना आश्चर्य वाटले होते. परंतु आपण वैद्य तरी एकमेकांशी कितपत सहमत असतो, याचा विचार करू लागलो तेव्हा गेल्या वीस वर्षांतील काही संशोधने पुन्हा काढून वाचावीशी वाटली. संगणकशास्त्र, जनुकशास्त्र आणि आयुर्वेद यांच्या संगमावरचे बरेच महत्त्वाचे काम आपल्या महाराष्ट्रात, पुणे आणि पवई येथे झालेले आहे. आपल्या व्यवसायबंधूंपैकी अनेकांना त्याची वार्ता वृत्तपत्रांच्या मथळ्यांपुरतीच ठाऊक असते, म्हणून येथे ते थोडे विस्ताराने मांडतो.

प्रकृती आणि जनुके

प्रारंभ २००५ सालापासून करू. पुण्यातील डॉ. भूषण पटवर्धन, डॉ. कल्पना जोशी आणि डॉ. अरविंद चोप्रा यांनी ७६ व्यक्तींची प्रकृती निश्चित करून त्यांच्या एचएलए जनुकांशी तिचा मेळ घातला. रोगप्रतिकारक्षमतेशी निगडित अशा या जनुकांचे अनेक प्रकार असतात. त्यांपैकी एक प्रकार वातप्रकृतीच्या गटात आढळलाच नाही, तर दुसरा एक कफप्रकृतीच्या गटात आढळला नाही. ७६ ही संख्या लहान आहे, हे उघडच आहे. तरीही प्रकृती ही केवळ वर्णनाची सोय नसून तिचे मूळ देहधातूंत शोधता येईल, हा विचार प्रयोगशाळेच्या भाषेत मांडला गेला तो येथे.

त्यानंतर दहा वर्षांनी, २०१५ मध्ये, हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या पुढाकाराने संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुणे, बंगळूर आणि उडुपी येथील ३४१६ पुरुषांची प्रकृतिपरीक्षा करून त्यांतून २६२ निवडण्यात आले. वैद्यांचा निर्णय आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये विकसित झालेल्या 'आयुसॉफ्ट' या सॉफ्टवेअरचा निर्णय दोन्ही विचारात घेऊन ही निवड झाली. तीन प्रकृतींमध्ये जनुकसंचातील ५२ ठिकाणी भेद आढळले आणि त्यांपैकी पीजीएम-१ या जनुकाचा संबंध पित्तप्रकृतीशी दिसून आला. हे जनुक शर्करेच्या चयापचयाशी निगडित आहे. पित्त आणि पचन यांचे नाते आपणांस नवे नाही.

आता वढूकडे वळतो, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय खऱ्या अर्थाने तेथे सुरू होतो. पुणे जिल्ह्यातील वढू परिसरात केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचे ग्रामीण आरोग्याचे काम अनेक वर्षे चालू आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेतील डॉ. भावना प्रशेर आणि डॉ. मिताली मुखर्जी यांनी तेथील सहकाऱ्यांसमवेत १४७ निरोगी व्यक्तींची माहिती संगणकाला दिली. शरीराची ठेवण, त्वचा, केस, क्षुधा, मलप्रवृत्ती, निद्रा, चालणे-बोलणे अशी ती लक्षणे होती. हे संशोधन २०१७ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये प्रसिद्ध झाले.

यातील खुबी अशी. संगणकाला शिकविण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत आपण त्याला लक्षणे देतो आणि सोबत उत्तरही देतो. ही व्यक्ती वातप्रकृतीची, ही पित्तप्रकृतीची. पुष्कळ उदाहरणे पाहून तो नियम शोधतो आणि पुढच्या अनोळखी व्यक्तीची प्रकृती सांगतो. दुसऱ्या रीतीत उत्तर देतच नाहीत. नुसती लक्षणे देऊन एवढेच सांगतात की, जे परस्परांसारखे आहेत त्यांचे गट कर. वढूच्या माहितीवर ही दुसरी रीत वापरली तेव्हा संगणकाने आपणहून तीन गट केले, आणि ते वात, पित्त व कफ या प्रकृतींशी जुळले. पहिल्या रीतीने तयार केलेले नमुने नंतर उत्तर भारतातील वेगळ्या लोकसमूहावर पडताळले असता तेथेही प्रकृती ओळखता आली. दोष म्हणजे काय हे ज्याला कोणी सांगितलेले नाही, अशा यंत्राने त्रिविध विभागणी करावी, हे वाचून कोणत्याही वैद्याला समाधान वाटेल. मलाही वाटले.

परंतु येथे घाई करू नये. वढूचे १४७ काय किंवा आधीच्या अभ्यासातील २६२ काय, या सर्व एका दोषाचे ठळक प्राबल्य असलेल्या व्यक्ती होत्या. ३४१६ मधून २६२ म्हणजे शेकडा आठसुद्धा नाहीत. उरलेले कोठे गेले? ते बहुतांशी द्वंद्वज आणि मिश्र प्रकृतीचे, म्हणजे तुमच्या-आमच्या बाह्यरुग्ण विभागात रोज येणारे लोक होते. मधली माणसे वगळून तीन टोकांची माणसे निवडली तर तीन गट सुटे दिसणे काहीसे सोपे होते. संशोधकांनी ही निवड लपविलेली नाही. जनुकीय भेद शोधण्यासाठी ती आवश्यकच होती. दोष वाचणाऱ्याचा आहे. 'यंत्राने प्रकृती सिद्ध केली' असा मथळा वाचून जो द्वंद्वज प्रकृतीच्या रुग्णासमोर ॲप उघडतो, त्याने मूळ निबंधातील 'ठळक प्राबल्य' हे शब्द वाचलेले नसतात.

पंधरा वैद्य, वीस व्यक्ती

यापुढचे संशोधन आपणांस रुचणारे नाही, परंतु ते टाळून या विषयाकडे जाता येत नाही. २०१३ मध्ये डॉ. वृंदा कुरंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अगदी सरळ प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते पंधरा वर्षे अनुभव असलेल्या १५ नोंदणीकृत वैद्यांनी २० निरोगी व्यक्तींची नाडी, जिव्हा आणि प्रकृती स्वतंत्रपणे, एकमेकांस न विचारता तपासली. पंधरा वैद्यांच्या १०५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीत कितपत एकमत आहे हे 'कॅप्पा' नावाच्या निर्देशांकाने मोजले. पूर्ण एकमत असेल तर हा निर्देशांक १ येतो, आणि नाणे उडवून उत्तरे दिल्यास जेवढे जुळेल तेवढेच जुळले तर ०.

नाडीसाठी सरासरी ०.०७ आली, जिव्हेसाठी ०.१७ आणि प्रकृतीसाठी ०.२८. प्रकृतीच्या बाबतीत १०५ पैकी केवळ १२ जोड्यांचे एकमत योगायोगापेक्षा निश्चितपणे अधिक होते. नाडीच्या बाबतीत एका जोडीचे. जिव्हेच्या बाबतीत एकाही जोडीचे नाही.

हे आकडे प्रथम वाचले तेव्हा मी निबंध बाजूला ठेवला होता, हे प्रांजळपणे सांगतो. मनात आक्षेप उठले. निरोगी माणसाची नाडी पाहून दोष सांगणे कठीणच; रुग्णावर हा प्रयोग केला असता तर निष्कर्ष वेगळा आला असता. पंधरा वर्षांचा अनुभव नाडीसाठी थोडा. गुरुपरंपरा वेगवेगळ्या. हे आक्षेप अगदीच निराधार नाहीत. परंतु यंत्राच्या दृष्टीने विचार केला की त्यांचे महत्त्व उरत नाही. समजा, या पंधरा वैद्यांच्या नाडीच्या नोंदी संगणकाला शिकण्यासाठी दिल्या. एकाच व्यक्तीच्या नाडीला कोणी वातनाडी म्हटले आहे, कोणी कफनाडी. यंत्र काय शिकेल? ते आपला मतभेद शिकेल आणि पुढच्या रुग्णाला तो अत्यंत आत्मविश्वासाने, दशांश चिन्हासह सांगेल.

याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष मात्र सहसा कोणी सांगत नाही. बहुसंख्य वैद्यांनी दिलेल्या निर्णयाशी प्रश्नावली आणि सॉफ्टवेअर यांनी काढलेली प्रकृती तुलनेने चांगली जुळली. याचे कारण उघड आहे. प्रश्नावली प्रत्येकाला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारते, आपण तसे विचारत नाही.

२६ नोव्हेंबर २०२४ पासून आयुष मंत्रालयाने राबविलेल्या 'देश का प्रकृति परीक्षण' अभियानात आपल्यापैकी अनेकांनी मोबाइल हातात घेऊन काम केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याचा समारोप मुंबईत झाला आणि सव्वा कोटीहून अधिक नागरिकांची नोंद झाल्याचे सांगण्यात आले. वढूच्या १४७ च्या तुलनेत हा सागर आहे. संख्या मोठी असली की नोंदींमधील चुका आपोआप धुऊन निघतात, असा एक समज रूढ आहे. एखाद्या-दुसऱ्या चुकीबाबत तो खराही आहे. सर्वांकडून एकाच प्रकारे होणारी चूक मात्र संख्येने धुतली जात नाही, ती पक्की होते. २०१८ मध्ये अमेरिकेत छातीच्या क्ष-किरण चित्रांवरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या यंत्रप्रणालीचा अभ्यास झाला. चित्र कोणत्या रुग्णालयातून आले हे ती प्रणाली जवळजवळ अचूक ओळखू शकत होती, आणि ज्या रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण अधिक तेथील चित्रांना त्या आधारावर झुकते माप मिळण्याचा धोका होता. फुप्फुसाऐवजी रुग्णालय पाहणारे हे यंत्र आपल्या नोंदींमध्ये रुग्णाऐवजी वैद्य पाहणार नाही, याची काय शाश्वती?

पवईची नाडीतरंगिणी

माजिवड्याहून पवई फार दूर नाही. तेथील आयआयटीमध्ये अनिरुद्ध जोशी आणि प्रा. शरत चंद्रन यांनी, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. जयरामन आणि डॉ. बी. डी. कुलकर्णी यांच्यासह 'नाडीतरंगिणी' हे यंत्र उभे केले. २००७ मध्ये फ्रान्समधील परिषदेत त्याचा निबंध सादर झाला. पुढे पुण्यातून ते व्यावसायिक स्वरूपात वैद्यांपर्यंत पोहोचले. मनगटावर तीन बोटांच्या जागी तीन दाबसंवेदक बसतात आणि नाडीच्या लहरी पडद्यावर उमटतात.

हे यंत्र काय करते आणि काय करीत नाही, यात गल्लत होता कामा नये. नाडीची लहर ते निःपक्षपातीपणे टिपते. तीच लहर उद्या, परवा, दुसऱ्या गावी पुन्हा पाहता येते, जे बोटांच्या टोकांना शक्य नाही. माझ्या मते ही फार मोठी उपलब्धी आहे. परंतु त्या लहरीला सर्पगती म्हणायचे की मंडूकगती, हे नाव प्रथम कोणा वैद्यानेच दिलेले असते. आणि लहर कोणत्या अवस्थेत टिपली? स्नान, भोजन वा श्रम यांनंतर लगेच नाडी पाहू नये, हा संकेत आपण विद्यार्थिदशेत पाठ केला. माजिवडा नाक्यावरील वाहतूक ओलांडून, दोन जिने चढून आलेल्या रुग्णाची नाडी आपण खुर्चीवर बसताक्षणी पाहतो, ती कशाची नाडी असते? मी माझे जुने केसपेपर तपासले. नाडीपुढे 'वा.पि.' एवढेच लिहिलेले. वेळ नाही, आहाराचा उल्लेख नाही. अशा नोंदींवर यंत्र तर राहोच, उद्या माझा शिष्यही काही शिकू शकणार नाही.

फार्मसीच्या दारातील अशोक

औषधनिर्मात्यांना वाटेल की हा केवळ चिकित्सकांचा प्रश्न आहे. तसे नाही. ठाण्यातील जवळजवळ प्रत्येक गृहसंकुलाच्या कुंपणाशी उंच, सरळ, लांब लहरी पानांची झाडे रांगेने उभी असतात. रहिवासी त्यांना बिनदिक्कत 'अशोक' म्हणतात. ती आसुपालवाची, म्हणजे खोट्या अशोकाची झाडे आहेत. अशोकारिष्टाचा सीता-अशोक निराळा. त्याची नारिंगी-तांबडी फुले या कुंपणांवर दिसत नाहीत. आता पानाचे छायाचित्र काढताच वनस्पतीचे नाव सांगणारी ॲप्स निघाली आहेत. लोकांनी 'अशोक' असे नाव देऊन चढविलेल्या छायाचित्रांवर असे ॲप शिकले, तर ते आसुपालवालाच अशोक म्हणेल, आणि त्यात त्याचा काही अपराध नसेल.

ब्राह्मीचे असेच. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मंडूकपर्णीला ब्राह्मी म्हणतात, अन्यत्र ब्राह्मी म्हणजे जलब्राह्मी. शंखपुष्पी उत्तरेत एक, केरळात गोकर्ण. रास्ना प्रांतोप्रांती बदलते. संदिग्ध द्रव्यांचा हा वाद आपण द्रव्यगुणाच्या तासाला रसिकतेने ऐकला. संगणकासाठी मात्र तो नामपट्टीची चूक ठरतो.

शिवाय व्यवहारात फार्मसीच्या दारात पान येतच नाही. येते ती साल, मूळ किंवा चूर्ण. तेथे सूक्ष्मदर्शक आणि एचपीटीएलसीचा रासायनिक ठसा यांचाच आधार घ्यावा लागतो. जनुकाच्या लहानशा तुकड्यावरून जाती ओळखण्याची डीएनए बारकोडिंग ही पद्धत वाळलेल्या सालीवर चालते, पण उकळलेल्या क्वाथात किंवा अरिष्टात जनुकद्रव्याचे तुकडे झालेले असल्याने तिचा भरवसा देता येत नाही. म्हणजे तपासणी माल कढईत जाण्यापूर्वीच व्हायला हवी. आणि प्रत्येक पद्धतीत तुलनेसाठी एक निर्विवाद नमुना लागतो, जो फुला-पानांसह ओळखून, स्थळ-काळाची नोंद करून जपलेला असेल. आपल्यापैकी किती फार्मसींकडे अशोकत्वक्‌चा असा स्वतःचा नमुना आहे? ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो फेकू नये. उद्याच्या यंत्रांना तोच लागणार आहे.

लिहिलेले आणि न लिहिलेले

लेखी नोंदीचे सामर्थ्य आपण एकदा अनुभवले आहे. १९९५ मध्ये हळदीच्या व्रणरोपक गुणावर अमेरिकेत पेटंट दिले गेले. मूळचे गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. घराघरांत हळद लावतात एवढे सांगून ते होण्यासारखे नव्हते. छापील पुरावे सादर करावे लागले. त्यातूनच २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा अंकीय ग्रंथसंग्रह उभा राहू लागला. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पारंपरिक चिकित्सा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांवर जे टिपण काढले, त्यात या संग्रहाची दखल घेतली आहे.

आता भाषा हाताळणारी यंत्रे आली आहेत. आयआयटी मुंबईच्या नेतृत्वाखालील 'भारतजेन' प्रकल्पातून २०२५ मध्ये 'आयुरपरम' हा खास आयुर्वेदासाठी घडविलेला भाषा-नमुना सादर झाला. तो इंग्रजी आणि हिंदीत काम करतो. शास्त्रग्रंथ आणि चिकित्साविषयक मार्गदर्शन या सामग्रीवर तो शिकलेला आहे. सर्वसाधारण संभाषण-प्रणाली श्लोक विचारला की कधी कधी नसलेला श्लोक आणि नसलेला अध्याय बिनचूक छंदात सांगतात, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. विषयापुरते शिक्षण दिलेला नमुना त्यापेक्षा भरवशाचा ठरावा अशी अपेक्षा आहे. पण ग्रंथ त्याला मिळाले तरी चिकित्सालय कोठून मिळणार? अम्लपित्ताच्या कोणत्या रुग्णाला कामदुधा उपयोगी पडली, कोणाला अविपत्तिकर द्यावे लागले आणि कोणाला कशानेच उतार पडला नाही, हे ज्ञान वैद्यांच्या स्मरणात आहे आणि वैद्यांबरोबर जाते. त्यातही फसलेल्या चिकित्सेची नोंद कोणी ठेवत नाही, मीही फारशी ठेवलेली नाही.

सरकारी पातळीवर चौकट तयार आहे. व्याधिनामांचे संकेतांक देणारे 'नमस्ते' पोर्टल २०१७ मध्ये सुरू झाले. १० जानेवारी २०२४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांच्या व्याधिसंज्ञांचा विभाग नवी दिल्लीत प्रसिद्ध करण्यात आला. केसपेपरवर 'संधिवात' असे मोघम न लिहिता आमवात, वातरक्त की संधिगतवात हे स्पष्ट लिहून त्यापुढे संकेतांक टाकण्यास अर्धे मिनिट पुरते. मात्र रुग्णाची माहिती संगणकावर जाणार असेल तर त्याची संमती घ्यावी. वैयक्तिक अंकीय माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत, ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. मोबाइलवर रुग्णाच्या जिव्हेचे छायाचित्र काढून वैद्यांच्या समूहात पाठविण्याची जी सवय पडली आहे, ती आजच सोडलेली बरी.

चरकाचार्यांनी विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे सविस्तर विवेचन केले आहे. हल्ली आपल्या सभांमध्ये व्याख्यान होते, अल्पोपाहार होतो, संभाषा होत नाही. कल्याणच्या एका वैद्यमित्रांनी आणि मी यंदा एक लहानसा उपक्रम केला. काही रुग्ण दोघांनी स्वतंत्रपणे तपासले, निर्णय वेगवेगळ्या कागदांवर लिहिले आणि नंतर कागद शेजारी ठेवले. त्वचा, केस, शरीराची ठेवण यांत बहुधा जुळले. अग्नी आणि कोष्ठ यांतही बरेच. निद्रेबाबत आम्ही प्रश्नच वेगळे विचारत होतो, असे ध्यानात आले. ते तासभर निजणे मोजत, मी जाग किती वेळा येते ते. नाडीत मात्र वारंवार अंतर पडले. प्रथम दोघांनाही थोडे अवघडल्यासारखे झाले. मग आढळले की ते सकाळी तपासत आणि मी सायंकाळी, रुग्ण कामावरून परतताना. एकाच वेळी, रुग्णाला दहा मिनिटे बसवून पाहू लागलो तेव्हा अंतर कमी झाले, संपले नाही. जेथे संपले नाही ते कागद आम्ही वेगळे ठेवले आहेत.

ते अम्लपित्ताचे गृहस्थ दोन आठवड्यांनी पुन्हा आले. या वेळी त्यांना सकाळी उपाशीपोटी बोलावले होते. घशाशी येणारे आंबट पाणी थांबले होते, रात्रीची जळजळ थोडी शिल्लक होती. नाडी मी पुन्हा पाहिली, वेळ लिहिली. प्रकृतीच्या रकान्यात 'पित्तप्रधान' असे लिहून अनुबंधी दोषापुढे प्रश्नचिन्ह ठेवले, आणि तो कागद कल्याणला पाठविण्यास त्यांची संमती घेतली.